शाकारणीचे दिवस: बोटीविषयी वाचकांचे प्रश्न

मे महिन्याच्या मध्यावर आमच्या सासवण्याच्या किनाऱ्यावर वारा फिरतो. सकाळचा जमिनीवरून येणारा हलका वारा थांबतो आणि नैर्ऋत्येकडून ओलसर, जड वारा लागतो. हा वारा लागला की वडील म्हणायचे, "आता होडी वर घ्या." मग सात-आठ जण मिळून होडी वाळूवर ओढायची, खाली ओंडके सारायचे आणि वर नारळाच्या झावळ्यांनी शाकारायची. त्या होडीला ना इंजिन होतं, ना वायरी, ना गाद्या. एकदा शाकारली की नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्याकडे बघावं लागत नसे.

आज माझ्या शेडमध्ये लोकांच्या नऊ स्पीडबोटी उभ्या राहतात. 32 वर्षं मी हेच काम करतोय आणि माझा अनुभव असा आहे की समुद्र बोटीचं जेवढं नुकसान करतो त्यापेक्षा जास्त नुकसान ती किनाऱ्यावर नुसती उभी असताना होतं. या महिन्यातली बहुतेक पत्रं त्याचबद्दल आहेत. एक पत्र मात्र वेगळं आहे, ते सगळ्यांच्या आधी घेतो, कारण ते काम थांबण्यासारखं नाही.

प्रश्न: आमची 19 फुटी बोट आहे. पेट्रोलची टाकी डेकखाली बसवलेली आहे. आठवडाभर बोट बंद राहिली की झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो. आमचा तांडेल (बोट चालवणारा) म्हणतो, थोडा वास यायचाच, इंजिन चालू झालं की जातो. हे बरोबर आहे का?
— बोटमालक, पनवेल

उत्तर: अजिबात बरोबर नाही. हा अंक हातात पडेल त्या दिवसापासून, वास कुठून येतो ते सापडेपर्यंत त्या बोटीचं इंजिन सुरू करू नका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली पेट्रोल गळलं तर वाफ रस्त्यावर पसरून उडून जाते. बोटीचं तळ मात्र बंद भांड्यासारखं असतं. वाफ तिथे जाऊन बसते आणि बॅटरी, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, त्यांच्या वायरी हे सगळंही तिथेच असतं. एक ठिणगी पुरते. वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, बॅटरीचा स्विचसुद्धा फिरवू नका. माणसं उतरवा, सगळी झाकणं उघडा आणि बोट वाऱ्यावर राहू द्या. वास पूर्ण गेल्यावरच आत हात घाला.

मग शोध घ्या. टाकी भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड नळी, टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी, मधला हातपंपाचा रबरी फुगा, फिल्टरचे जोड आणि टाकीचा श्वास बाहेर सोडणारी बारीक नळी, सगळं तपासा. जुनी नळी बाहेरून ठीक दिसते. ती वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, किंवा कोरड्या फडक्याने पुसल्यावर फडक्याला वास आला, तर तीच चोर आहे. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं, त्यामुळे दहा वर्षांची नळी असेल तर तपासत बसू नका, सगळ्याच बदला. नळी पेट्रोलसाठी बनवलेली, बोटीसाठीचीच घ्या. पाण्याची पारदर्शक नळी लावलेल्या बोटी मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या बोटींत लहान मुलं बसलेली असत, ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तुमच्या तांडेलाला रागावू नका, पण त्याला हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न: 24 फुटी फायबरची बोट, मागे बाहेर टांगलेलं 150 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड). गेल्या वर्षी 30 मे रोजी मांडव्याला वर काढून ताडपत्री घट्ट बांधून ठेवली. सप्टेंबरमध्ये उघडली तर इंजिन सुरू होईना, गाद्यांवर काळी बुरशी, बॅटरी मेलेली. दुरुस्तीला मोठा खर्च आला. यंदा काय वेगळं करू?
— एक वाचक, वांद्रे

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला बोट दिसली. "ताडपत्री घट्ट बांधून" या तीन शब्दांतच अर्धं उत्तर आहे. पण क्रमाने जाऊ.

सुरुवात पेट्रोलपासून. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, तुमची पुस्तिका उघडून बघा. इथेनॉल पाणी ओढतं. मोटारीची टाकी दर आठ-पंधरा दिवसांनी रिकामी होते, त्यामुळे तिथे ते जाणवत नाही. बोट जून, जुलै, ऑगस्ट अशी तीन महिने उभी राहते, तीही कोकणच्या पावसात. टाकीच्या श्वासनळीतून दमट हवा आत येत राहते, इथेनॉल पाणी पीत राहतं आणि एका मर्यादेपलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. इंजिन पेट्रोल कुठून ओढतं? तळातून. सप्टेंबरमध्ये तुमच्या इंजिनाने पहिला घोट घेतला तो याचाच असणार.

म्हणून बोट वर काढण्याआधीच्या शेवटच्या फेरीला पेट्रोल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं औषध, टाकीत घाला, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. नंतर इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. बसवलेली टाकी असेल तर ती जवळजवळ भरून ठेवा, थोडी जागा फुगायला सोडून. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागा कमी राहते. सुटी टाकी असेल तर सोपं काम आहे, औषध घालण्याआधीच ती रिकामी करा आणि पेट्रोल गाडीत घालून वापरून टाका. इथेनॉल नसलेलं पेट्रोल तुमच्या भागात मिळत असेल तर शेवटची टाकी त्याचीच भरा, पंपावर स्पष्ट विचारून. आणि टाकीपासून इंजिनाच्या वाटेवर पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर यंदा बसवून घ्या. सप्टेंबरमध्ये त्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाच मिनिटं ठेवायचं. खाली वेगळा थर दिसला तर सुरू करायचं नाही.

दुसरं, गोडं पाणी. ही गोष्ट मला प्रत्येक अंकात लिहावी लागते आणि मी लिहीत राहीन. आउटबोर्ड स्वतःला थंड ठेवण्यासाठी समुद्राचंच पाणी आत घेतं. तुम्ही इंजिन बंद करता तेव्हा गरम धातूवरचं ते पाणी सुकतं आणि मीठ मागे राहतं. एका दिवसाचं मीठ दिसतही नाही. शंभर दिवसांचं मीठ पाण्याच्या वाटा बुजवतं. आपल्याकडे त्यात धरमतरच्या खाडीचा गाळही मिसळतो, त्यामुळे मांडवा-रेवस पट्ट्यातल्या इंजिनांत मी जे काढतो ते मीठ आणि चिखलाचं सिमेंट असतं. प्रत्येक फेरीनंतर दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं, आणि शाकारणीच्या आधी जास्त वेळ. पाणी घेण्याच्या जाळ्यांवर रबरी कप लावून धुणार असाल तर आधी पाणी सोडा, मग इंजिन सुरू करा, न्यूट्रलमध्ये आणि मंद वेगात. पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कोणालाही उभं राहू देऊ नका. इंजिनाला नळी जोडायचं वेगळं तोंड असेल तर बऱ्याच इंजिनांत तिथून धुताना इंजिन बंदच ठेवायचं असतं. ही चूक फार जण करतात. धुऊन झालं की इंजिन सरळ उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी आपोआप उतरतं. तिरकं करून ठेवलं तर ते आतच राहतं.

तिसरं, तेल. इंजिन ऑइल आणि खालच्या गिअरचं तेल दोन्ही शाकारणीच्या आधी बदला. लोक म्हणतात, सप्टेंबरमध्ये ताजं घालू. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती तीन महिने बेअरिंगवर बसून राहते. गिअरचं तेल काढताना रंग बघा. दुधाळ, चहासारखं निघालं तर आत पाणी शिरतंय. म्हणजे सील गेलं आहे. सील जाण्याचं आपल्या किनाऱ्यावरचं नेहमीचं कारण म्हणजे मासेमारीची नायलॉनची तंगूस. ती पंख्यामागे दांड्याला गुंडाळली जाते आणि सील कापते. म्हणून दर दोन महिन्यांनी पंखा काढून मागे बघायचं. नवीन तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा. वायसर नवे.

स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइलचा फवारा मारा, किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करायच्या स्विचची) क्लिप काढून स्टार्टर क्षणभर फिरवा आणि प्लग परत लावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण सिलिंडर गंजण्यापासून वाचतो.

आता बोट उभी कशी ठेवायची. तळाचं बूच काढा आणि नाळ (पुढचं टोक) वर, मागची बाजू खाली असा उतार द्या. अलिबागच्या बाजूला पावसाळ्यात 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला आणि तुमची बोट वरून 15 चौरस मीटर असेल, तर त्या एका दिवसात तिच्यात 1500 लिटर पाणी पडतं. दीड टन. बूच लावलेलं असेल आणि ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली तर हे वजन ट्रेलरच्या दोन रुळांवर येतं आणि फायबरला तडा जातो. पानं अडकून भोक बुजतं, म्हणून पंधरवड्यातून एकदा कोणीतरी काठी घालून मोकळं करायला हवं.

आणि ताडपत्री. पाऊस आत येऊ नये एवढंच तिचं काम आहे, हवा यायलाच हवी. मधोमध बांबूचा आडवा घालून छपरासारखा दोन्हीकडे उतार द्या आणि पुढे-मागे तोंडं मोकळी ठेवा. वडिलांची झावळ्यांची शाकारणी गळायची, पण वारा आरपार जायचा, म्हणून होडी कधी कुजली नाही. तुमच्या बोटीत तीन महिने ओल कोंडली, तीच गाद्यांवर काळी होऊन उमटली. गाद्या काढून घरीच न्या, उभ्या ठेवा. कप्प्यांची सगळी झाकणं उघडी ठेवा. बॅटरीही घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. मीटरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 च्या खाली गेली की लगेच चार्जिंगला.

दोन पाहुणे विसरू नका. पावसात उंदीर कोरडी जागा शोधत येतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. इंजिनाच्या टोपाखाली नायलॉनची जाळी लावता येते. दुसरी कुंभारीण माशी. ती इंजिनाच्या मागून पाण्याची धार पडते त्या भोकात आणि टाकीच्या श्वासनळीच्या तोंडात मातीचं घर करते. श्वासनळी बुजली की इंजिन सुरू होतं आणि दहा मिनिटांत दम कोंडल्यासारखं बंद पडतं, आणि माणूस इंजेक्टर उघडत बसतो. सप्टेंबरमध्ये सर्वांत आधी ही दोन भोकं बघा.

प्रश्न: माझ्या बोटीचा गडद निळा रंग पाच वर्षांत राखेसारखा फिका पडला आहे. हात लावला की पांढरी पूड लागते. एकाने नवीन रंग मारायला सांगितलं, दुसऱ्याने नुसतं पॉलिश. खर्च दोन्हीचा मोठा आहे. शिवाय पाण्याच्या रेषेवर पिवळा-तपकिरी पट्टा बसला आहे.
— डॉक्टर, अलिबाग

उत्तर: डॉक्टरसाहेब, रंगवाल्याला थांबवा. फायबरच्या बोटीला बाहेरून जो थर असतो तो रंग नव्हे, जेलकोट. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, मोटारीच्या वरच्या चकचकीत थरापेक्षा कितीतरी पट जाड. उन्हाने त्याचा सर्वांत वरचा पापुद्रा जळतो आणि तीच पूड तुमच्या हाताला लागते. खाली चांगला जेलकोट अजून शिल्लक असण्याची शक्यता मोठी आहे. एकदा रंग मारला की मात्र तो रंगच सांभाळत बसावं लागतं.

घरी एक परीक्षा करा. बोटीच्या कडेला हाताएवढा भाग पाण्याने ओला करा. ओला असताना मूळचा निळा रंग परत दिसला तर पॉलिशने बोट वाचते. ओला असतानाही डागडाग दिसला आणि खालचा फायबरचा धागा जाणवू लागला तर जेलकोट संपला आहे, तेव्हाच रंगाचा विचार करा.

काम सावलीत करायचं. हे मी पहिलं सांगतो, कारण उन्हात तापलेल्या बोटीवर कंपाउंड (घासायची पेस्ट) सुकतं, गोळे धरतं आणि कारागीर मग जोर लावून जेलकोट जाळतो. गडद रंग तर उन्हात हात ठेवू न देण्याइतका तापतो. आधी बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडी. पूड जास्त असेल तर 1000 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, मग 1500, मग 2000, दर वेळी भरपूर पाणी आणि हलका हात. पूड थोडी असेल तर पेपरला हातही लावू नका. मग लोकरीचा पॅड लावलेल्या मशीनने कंपाउंड. एका वेळी दोन फूट गुणिले दोन फूट एवढाच चौकोन, मशीन सतत हलतं ठेवून. कडा आणि कोपऱ्यांवर जेलकोट पातळ असतो, तिथे मशीन नको, हाताने करा. चौकोन झाला की तिरकं बघा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेषेत दिसायला हवं. ते दिसेपर्यंत पुढच्या चौकोनाला जाऊ नका. माझ्याकडे कामाला आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिले दोन दिवस हे तिरकं बघायलाच शिकवतो. कंपाउंडने खरी चमक येते. नंतर बारीक पॉलिश, फोमच्या पॅडने.

सर्वांत शेवटी मेण. मेणाने चमक येत नाही, आलेली चमक टिकते. मेण न लावता सोडलेली बोट आपल्या उन्हात एका हंगामात परत फिकी होते. आपल्याकडे मेण दोन-तीन महिन्यांवर टिकत नाही, म्हणून ऑक्टोबर, जानेवारी आणि शाकारणीच्या आधी असं तीनदा लावा. पाणी शिंपडल्यावर थेंब गोल न होता पसरायला लागले की मेण संपलं असं समजा. भांड्यांच्या साबणाने बोट धुतली तर मेण निघून जातं, गाडीचा शॅम्पू वापरा. आणि एक कळकळीची विनंती: जिथे पाय ठेवायचा, त्या खरखरीत डेकवर मेण किंवा पॉलिश कधीही लावू नका. दिसायला सुंदर होतं आणि ओल्या पायाचा माणूस घसरून कडेच्या लोखंडावर पडतो.

पाण्याच्या रेषेवरचा पिवळा पट्टा घासून जाणार नाही. तो ऑक्झॅलिक ॲसिडने जातो. रसायनांच्या दुकानात भुकटी मिळते. लिटरभर कोमट पाण्यात तीन-चार चमचे, ब्रशने लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा आणि मेण लावण्याआधी करा. बाथरूमच्या ॲसिडने डाग लवकर जातो असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. मी विशीत असताना एका यार्डात कामाला होतो, तिथे मी स्वतः तसं केलं. डाग गेला. पण ॲसिड ओघळून ट्रेलरवर पडलं, त्याचा जस्ताचा थर खाऊन गेलं आणि त्याच पावसाळ्यात तो ट्रेलर लाल झाला. स्टीलच्या कड्यांवर खड्डे पडले. मालक मला काही बोलला नाही, पण ती बोट दिसली की मी नजर खाली घालायचो.

जेलकोटवर नांगराची दोरी बांधायच्या खुंटीभोवती ताऱ्यासारख्या भेगा असतील तर तो पॉलिशचा विषय नाही. खालचा आधार कमजोर झाला आहे. खुंटी काढून आतून फळी किंवा प्लेट देऊन मजबूत करा.

प्रश्न: मी तांडेल आहे, रेवसच्या बाजूला बोट चालवतो. इंजिनाच्या मागून पाण्याची जी धार पडते ती हल्ली बारीक झाली आहे. कधी कधी इंजिन तापल्याचा बझर वाजतो, वेग कमी केला की थांबतो. मालक म्हणतात, सेन्सर खराब असेल.
— तांडेल, रेवस

उत्तर: तांडेलभाऊ, तुम्ही धारेकडे बघता याचा मला आनंद झाला. ती धार म्हणजे इंजिनाची नाडी, थंड करणारं पाणी आत फिरतंय की नाही ते ती सांगते.

आधी सोपं बघा. इंजिन बंद करून धारेच्या भोकात तंगुसाचा तुकडा घालून मोकळं करा. मीठ किंवा कुंभारणीची माती अडकली असेल तर एवढ्याने धार जाड होईल. नाही झाली तर पाणी घेणाऱ्या जाळ्या बघा. आपल्या बंदरात प्लास्टिकच्या पिशव्या पाण्याखाली तरंगत असतात आणि एक पिशवी जाळीवर चिकटली की पाणी बंद. तीही नसेल तर इम्पेलर.

इम्पेलर म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चाक. रेवस-धरमतरचं गढूळ पाणी त्याला सॅंडपेपरसारखं घासतं. पुस्तिकेत काहीही मुदत लिहिलेली असो, या खाडीत चालणाऱ्या इंजिनाचा इम्पेलर मी दरवर्षी बदलतो. बदलताना त्याच्या भोवतीची स्टीलची वाटी आणि खालची पट्टीही नखाने तपासा, चरे लागत असतील तर तीही बदला. जुन्या चाकाची पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा इंजिनातच वर कुठेतरी अडकला आहे, तो शोधल्याशिवाय काम पूर्ण धरू नका. आणि इंजिन पाण्याबाहेर कोरडं कधीच सुरू करू नका, "फक्त दोन सेकंद" म्हणूनसुद्धा नाही.

सेन्सरचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी थळच्या समोर, खांदेरीच्या दीपगृहाच्या थोडं बाहेर, मालकाचं कुटुंब बोटीत असताना बझर वाजला. मीही मनात म्हटलं, सेन्सर असेल, किनारा दिसतोय, जाऊ. मुलांना उन्हं लागत होती, मला लवकर पोचायचं होतं. दहा मिनिटांनी इंजिन थांबलं ते थांबलंच. हेड गास्केट जळालं होतं. ओहोटी बोटीला बाहेर ओढत होती. थळच्या एका मच्छीमार बोटीने आम्हाला दोर टाकून आणलं आणि एक पैसा घेतला नाही. जाळीवर दुधाची पिशवी होती. इंजिन बंद करून वर उचललं असतं तर हाताने निघाली असती.

बझर वाजला की वेग उतरवा, धार बघा. धार नसेल तर इंजिन बंद. खडक जवळ असतील तर आधी नांगर टाका, मग इंजिन उचलून जाळी बघा. मालकांना सांगा, मी सांगितलं म्हणून: इम्पेलर आधी, सेन्सर नंतर.

प्रश्न: आम्ही समुद्रावरची एक जुनी बोट घेऊन तापोळ्याला शिवसागर जलाशयावर चालवतो. गोड्या पाण्यात आता इंजिनाची चिंता नाही ना?
— बोटचालक, तापोळा

उत्तर: मिठाची नाही, पण इंजिनाच्या खालच्या भागावर जे राखाडी धातूचे ठोकळे लावलेले असतात, ते बदला. हे ॲनोड स्वतः झिजून इंजिनाचं ॲल्युमिनियम वाचवतात. समुद्रासाठी जस्ताचे असतात. गोड्या पाण्यात जस्तावर कवच धरतं आणि ते काम करेनासं होतं. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे घ्या. ती बोट पुन्हा समुद्रात नेलीत तर मात्र परत बदला, कारण खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम फार झपाट्याने संपतं. ठोकळा निम्मा झिजला की नवीन. त्याला रंग मारू नका आणि बसवण्याआधी खालचा धातू घासून स्वच्छ करा, धातूला धातू लागला तरच उपयोग. वर्षभरात अजिबात झिजला नसेल तर खूश होऊ नका, तो जोडलेलाच नाही.

कोयनेचं पाणी उतरतं तेव्हा खडक आणि बुडालेली खोडं वर येतात, पंखा दर आठवड्याला तपासा.

प्रश्न: काका, मी मालवणला पर्यटकांसाठी बोट घ्यायचं ठरवतोय. सेकंडहँड, 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. मालक म्हणतो, नवीन रंग दिलाय, इंजिन मक्खन आहे. काय बघू?
— वय 24, देवबाग

उत्तर: बाळा, नवीन रंग दिला असेल तर जास्त बारकाईने बघ.

इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेलं असतं तिच्यात फायबरच्या आत बऱ्याचदा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. छोट्या हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळीकडे ठोकून ऐक. टणक आवाज हवा. भिजलेल्या पोत्यावर ठोकल्यासारखा बद्द आवाज आला तर तिथे लाकूड गेलंय. मग इंजिन वर उचलून खालच्या टोकाला धरून हलव आणि कोणाला तरी भिंतीकडे बघायला सांग. भिंत हलताना दिसली तर नमस्कार करून परत ये. डेकवर अनवाणी चाल, पाय दबतो का बघ.

इंजिन तू पोचण्याआधी गरम करून ठेवलेलं नसावं. हात लावून बघ, थंड असलं पाहिजे. थंड इंजिन कसं सुरू होतं तेच बघायचंय. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन मीटर सोबत ने, सिलिंडरांच्या आकड्यांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. गिअरचं तेल थोडं काढून रंग बघ. टू-स्ट्रोकला कुठलं ऑइल घालतात ते सहज विचार. मोटारसायकलचं म्हणाला तर समजून जा. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू-3 प्रतीचंच लागतं, आणि पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर दहा लिटर पेट्रोलला 200 मिली, अंदाजाने नाही. कागद, म्हणजे नोंदणी आणि सर्व्हे, सागरी मंडळाच्या कार्यालयात जाऊन स्वतः पडताळ. पैसे त्यानंतर.

पर्यटकांचं काम पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे आता घाई कोणालाच नाही. मालक घाई करत असेल तर कारण विचार.

प्रश्न: मी नववीत आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये बाबांनी बोट पाण्यात सोडली आणि तळाचं बूच लावायचं राहिलं होतं. बोट अर्धी बुडाली. बाबा खूप दिवस गप्प होते. यंदा मी काय करू शकते?
— विद्यार्थिनी, किहीम

उत्तर: बेटा, बाबांना सांग की ही चूक तीस-तीस वर्षं बोटी चालवणाऱ्यांकडूनही झालेली मी पाहिली आहे.

ज्या दिवशी बाबा बूच काढतील त्या दिवशी ते तू ताब्यात घे. गोड्या पाण्याने धुऊन, आट्यांना थोडं ग्रीस लावून, लाल दोरीने इंजिनाच्या किल्लीलाच बांध. किल्ली लावायला गेलं की बूच हातात आलंच पाहिजे. बुचाचं रबरी वायसर चिरलेलं असेल तर आत्ताच दोन नवी आणून ठेव, एक जादा बूचही. आणि बोट पाण्यात उतरली की ट्रेलरचा पट्टा लगेच सोडू नका. पाच मिनिटं तशीच ठेवून तू आत जा, मागचं झाकण उघड आणि तळाला कोरडं फडकं टेकवून बघ. फडकं कोरडं निघालं तरच बाबांना पट्टा सोडायला सांग.